सात नंबरावर घातलेलं गाऱ्हाणं

मी मुलांना मारत असे, हे आधी सांगून टाकतो. कॉलेजात मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे आणि बास्केटबॉलची टीम एकोणीस वर्षं माझ्याकडे होती. सरावात बचावाला उभं राहताना कुणी गुडघे ताठ ठेवले की माझ्या हातातला पाइप त्याच्या पोटरीवर बसायचा. झाडांना पाणी घालायचा साधा निळा पाइप, हातभर कापून घेतलेला. पोरं "आयायाय" करत पोटरी चोळायची आणि एखादा म्हणायचा, "सर, आज पाण्याक फोर्स जास्त हा." सगळे हसायचे. मीही हसायचो. ती हसतात म्हणजे त्यांना चालतं, असं मी धरून चाललो होतो.

या लिहिण्यात मी कुणाचं नाव घेणार नाही. एका मुलाचं नाव माझ्यामुळे नको त्या कागदावर लिहिलं गेलं, तेवढं पुरे. जर्सीवरच्या नंबरांनीच सांगतो.

आमचा नऊ नंबर आतल्या एका गावातला. घरी काजूची बाग, थोडी भातशेती, बाप आणि आई. अंगाने काटकुळा, हात मात्र गुडघ्यापर्यंत पोचतील असे. तो माझं ऐकायचा, आणि फारच ऐकायचा. टीममधली मुलं त्याला चिडवायची, "सरांनी सांगल्यानी तर ह्यो बावीत उडी मारीत."

"पाणी किती आसा ता बघून मारीन रे," तो शांतपणे म्हणायचा.

त्याला पोलिसात जायचं होतं. खेळाडूंसाठी काही जागा राखीव असतात. विभागाच्या संघात निवड झाली, प्रमाणपत्र हातात आलं, तर त्याला तो रस्ता मोकळा होता. सकाळी घरून धावत निघून तो पहिली एसटी पकडायचा. हे सगळं मला माहीत होतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. उडी मारून बॉल टाकणाऱ्या खेळाडूचं लक्ष वर बास्केटकडे असतं. खाली जमिनीवर काय चाललंय ते त्याला दिसत नाही. तो हवेत असताना त्याच्या उतरण्याच्या जागी कुणी आपला पाय सरकवून ठेवला, तर त्याचा पाय त्या पायावर पडतो आणि मुरगळतो किंवा मोडतो. मी बावीस वर्षांचा असताना हे माझ्यावर झालेलं आहे. माझा डावा घोटा अजून सुजतो. ही युक्ती मी पोरांना सरावात दाखवली. "ओळखायला शिका, म्हणजे तुमच्यावर कोणी केली तर वाचाल," असं म्हणालो. पण मी ती तीन वेळा दाखवली. तिसऱ्या वेळी नऊ नंबराकडून ती सावकाश करून घेतली आणि "पाय अजून थोडा आत" असं सांगितलं. ओळखायला शिकवताना एवढं लागत नाही.

गाऱ्हाण्याचं वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे लग्न असो, पेरणी असो, नवी होडी पाण्यात घालायची असो, एक जाणता माणूस देवाला मोठ्याने मागणं घालतो आणि प्रत्येक मागण्यावर जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. एकदा व्हय म्हटलं की ते मागणं एकट्याचं राहत नाही, सगळ्यांचं होतं. आमच्या गावात गाऱ्हाणं माझे वडील घालायचे, तो आवाज माझ्याकडे आला. दर मॅचच्या आधी मी टीमला गोल उभी करून गाऱ्हाणं घालायचो. शेवटी नेहमीप्रमाणे "काय चुकलामाकला आसात तर माफ कर रे म्हाराजा" असायचं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून मोबाइलवर फिरवला होता. लोकांनी खाली हात जोडल्याची चित्रं टाकली होती आणि लिहिलं होतं, किती छान संस्कार.

ती मॅच जानेवारीत आमच्याच कोर्टवर झाली. जिंकणारा पुढे विभागाच्या फेरीत जाणार होता. समोर शहरातलं मोठं कॉलेज. त्यांची स्वतःची बस आली, त्यातून बारा मुलं एकसारखे बूट घालून उतरली, आणि त्यांचे पाय चोळायला एक वेगळा माणूस. आमच्या कोर्टला जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं कुंपण आहे. त्यावर अख्खं कॉलेज चढून बसलं होतं. स्टँडवरचे रिक्षावालेही आले होते.

पहिला अर्धा आम्ही घेतला. नऊ पॉइंटनी पुढे होतो. मला अजून आठवतं, मध्यंतरात मी पाणी प्यायलो नाही, नुसता कोर्टच्या कडेने फेऱ्या मारत राहिलो. माझ्या डोक्यात पुढची फेरी, वर्तमानपत्रात फोटो, प्राचार्यांचं भाषण, सगळं सुरू झालं होतं.

मग त्यांचा सात नंबर जागा झाला. तिसऱ्या भागात त्याने एकट्याने चौदा पॉइंट केले. उंचीने आमच्यापेक्षा जास्त नव्हता, पण हवेत राहायचा. आपण उतरलो तरी तो वरच. त्यात तो उद्धट असता तर बरं झालं असतं. आमच्या पोराला धक्का लागला की तो "सॉरी" म्हणून हात देऊन उठवायचा. त्या हाताचा मला जास्त राग आला.

शेवटच्या भागात खेळ खेळ राहिला नाही. त्यांच्या आडदांड पंधरा नंबराचं कोपर आमच्या कॅप्टनच्या तोंडावर बसलं. ओठ फाटला, सिमेंटवर रक्त सांडलं. रेफ्रीने शिट्टी वाजवली नाही. कुंपणावरून ओरडा सुरू झाला.

"आवशीचो घोव! रेफ्री, डोळे खंय ठेवन इलंस?"

"पाडा रे तेका! आडवो करा!"

आमच्या एकाने पुढच्याच मिनिटाला त्या पंधरा नंबराच्या बरगडीत गुडघा घातला. मी ते पाहिलं आणि टाळी वाजवली. कॅप्टन तोंडातलं रक्त टी-शर्टच्या बाहीला पुसत खेळत होता. मी त्याला बाहेर घेतलं नाही.

दोन मिनिटं राहिली. आम्ही तीन पॉइंटनी मागे होतो. मी टाइमआउट मागितला. एका मिनिटात काय सांगायचं? कोण कुणाला अडवेल, बॉल कुणाकडे जाईल, हे सांगायला हवं होतं. मी ते काही सांगितलं नाही. पोरांना गोल उभं केलं, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला लागलो.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्याच भुयर खेळतत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"भायरसून येवन जो कोण तेंका आडवता, तेचा बळ काढून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो जो सात नंबर हवेत उडता, तेचो पाय मोड रे म्हाराजा!"

 या वेळी आधी एकट्या कॅप्टनने रक्ताळलेल्या तोंडाने म्हटलं आणि मग त्याच्यामागून सगळ्यांनी म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

नऊ नंबर माझ्या बरोबर समोर होता. त्यानेही म्हटलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, सरावात एखादी गोष्ट नीट कळली की नाही हे विचारताना पाहायचा तसं. मी मान हलवली. होकारार्थी. हे मी आजवर जितक्यांदा लिहायला बसलो तितक्यांदा या वाक्याशी येऊन उठलो. शिट्टी वाजली, चुकल्यामाकल्याची माफी मागायची राहून गेली, आणि पोरं कोर्टवर गेली.

चाळीसेक सेकंदांत बॉल सात नंबराकडे आला. तो उजव्या बाजूने आत शिरला आणि उडाला. बॉल त्याच्या हातातून सुटला. नऊ नंबर त्याच्यासमोर होता. त्याने उडी मारली नाही. त्याने उजवा पाय पुढे सरकवला, आणि मग अजून थोडा आत.

आवाज अगदी लहान होता. पण बॉल हवेत असताना सगळं कोर्ट एवढं गप्प झालं होतं की तो आवाज कुंपणावरच्यांनीही ऐकला. सात नंबर खाली पडला तेव्हा त्याची नडगी मधेच वाकलेली होती, जिथे माणसाचा पाय वाकत नाही तिथे. तो आधी ओरडला नाही. पायाकडे बघत राहिला. मग ओरडला.

बॉल बास्केटमध्ये गेला होता.

पंधरा नंबराने नऊ नंबराच्या तोंडावर मूठ मारली. त्याने हात वर केले नाहीत. दुसरी मूठ बसली, तिसरी बसली, नाकातून रक्त आलं, तरी तो तसाच उभा. मग आमची पोरं धावली, त्यांची धावली, कुंपणावरून माणसं उतरली. पाण्याच्या बाटल्या आल्या. कुणीतरी चिऱ्याचा तुकडा फेकला, तो त्यांच्या बाकावर बसलेल्या एका मुलाच्या खांद्याला लागला. त्या झुंबडीत मीही एकाची कॉलर धरून त्याच्या कानाखाली मारली. तो कोण होता, त्यांचा की आमचा, मला माहीत नाही. वीतभर अंतरावर एक मुलगा मोडक्या पायाने सिमेंटवर पडला होता आणि मी कुणाला तरी मारत होतो.

सात नंबराला आधी जवळच्या दवाखान्यात आणि तिथून गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. नऊ नंबराला रेफ्रीने बाहेर काढलं. उरलेली मॅच अर्ध्या तासाने पोलिसांच्या देखत खेळवली गेली. त्यांचा सर्वात चांगला खेळाडू नव्हता. आम्हाला जिंकायला हरकत नव्हती. पण आमच्या पोरांच्या हातात बॉल राहीना. कुणी उडीच मारीना. सव्वा मिनिटात आम्ही अकरा पॉइंटनी हरलो. कुंपणावरचे लोक शेवटच्या शिट्टीआधीच उतरून गेले होते.

तीन दिवसांनी मी नऊ नंबराच्या घरी गेलो. खरं सांगायलाच गेलो होतो, असं मी स्वतःला सांगत होतो. तो पाय मोडतानाचा व्हिडिओ तोवर गावागावात पोचला होता. त्यात पाय दिसत होता. गाऱ्हाणं घालतानाचे आम्ही लांबून दिसत होतो, हात जोडलेले, माना खाली. आवाज नव्हता.

मी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, पाऊल टाकलं तेव्हा बाप त्याला मारत होता. हातात ओली काठी होती. एकोणीस वर्षांचा मुलगा, बापापेक्षा वीतभर उंच, हात बाजूला सोडून उभा होता. पाठीवर वळ उठले होते. आई पडवीत खांबाला धरून, "पुरे ओ, मरात तो," म्हणत होती.

मी मधे पडलो. बापाचा हात धरला. त्याने मला बघितलं आणि काठी खाली केली, कारण मी सर होतो.

"सर, तुमी मधी पडा नको," तो धापा टाकत म्हणाला. "लोकाच्या पोराचो पाय मोडल्यान ह्येना. तुमी शिकवलास ता ह्येना आयकूक नाय."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तो वाट बघत होता. मी म्हणालो, "मारून काय होतला? समजवा तेका." एवढंच म्हणालो. मला लिंबाचं सरबत दिलं गेलं आणि मी ते प्यायलो. 

पंधरा दिवसांनी चौकशी झाली. प्राचार्यांच्या खोलीत चौकशी समितीचे तिघे सदस्य, तिघेही बाहेरचे. मी पांढरा शर्ट घालून गेलो होतो आणि पुस्तकी मराठी बोलत होतो.

"आपण खेळाडूला अशी काही सूचना दिली होती का?"

"नाही. आम्ही एक पारंपरिक प्रार्थना करतो. मुलांचं मनोधैर्य वाढावं एवढाच तिचा उद्देश असतो."

मग त्याला आत बोलावलं. नाकावरची सूज उतरली होती, डोळ्याखाली पिवळं होतं. सदस्याने विचारलं, "सरांनी सांगितलं होतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "नाय," तो म्हणाला. "मियाच केलंय."

दोन वर्षांची बंदी. तसा कागद निघाला आणि त्यावर त्याचं नाव आलं. दोन वर्षांत त्याचं कॉलेज संपणार होतं. खाली माझीही सही होती, संघाचा मार्गदर्शक म्हणून.

मी नंतर महिनाभर काय केलं ते सांगायला लाज वाटते. काही केलं नाही. सराव घेतला. फक्त पाइप नेला नाही. जणू पाइपाचाच दोष होता.

मार्चमध्ये शेजारच्या तालुक्याच्या कॉलेजशी मैत्रीची मॅच ठरली. मी सवयीने पोरांना गोल उभं केलं आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ही लेकरां आज खेळूक उभी आसत रे म्हाराजा!"

कुणी काही म्हटलं नाही.

मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं. बारा मुलं माझ्यासमोर हात जोडून उभी होती आणि तोंड बंद. कॅप्टनच्या ओठावर टाक्यांची पांढरी रेघ होती. तो म्हणाला, "सर, तुमी घाला गाऱ्हाणा. व्हय म्हणूक आमका भय वाटता."

मी मॅच तशीच त्यांच्यावर सोडली आणि गाडी काढून थेट नऊ नंबराच्या घरी गेलो.

काजूचा हंगाम होता. बाप खळ्यात ढिगासमोर बसून बोंडू, म्हणजे काजूची फळं, पिळून बी वेगळी करत होता. मुलगा वर बागेत होता. मी उभ्यानेच सांगितलं. युक्ती मी शिकवली, गाऱ्हाणं मी घातलं, त्याने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मान मी हलवली, आणि चौकशीत मी खोटं बोललो. बापाचे हात मधेच थांबले होते. सगळं सांगून झाल्यावर तो सावकाश उठला.

"त्या दिवशी माझो झील मार खाय होतो," तो म्हणाला, "आणि तू हय उभो रवान बघीत होतंस?"

"व्हय."

त्याने मला मारलं. एकदा, आणि मग दुसऱ्या हाताने पुन्हा. बोंडूच्या रसाने हात चिकट होते, माझ्या गालाला तो वास लागला. मी पडवीच्या पायरीवर आपटलो. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मुलगा वरून धावत आला आणि त्याने बापाला मागून कवळ्यात धरलं.

"सोड माका!" बाप ओरडत होता. "ह्या मेल्याच्या पापाखातर मी तुका मारलंय रे! तू माका सांगूक नाय तां? कित्याक सांगूक नाय?"

मुलाने धरलेलं सोडलं नाही. बाप मग एकदम ढिला पडला आणि खाली बसून रडायला लागला. बऱ्याच वेळाने त्याने कळशीतल्या पाण्याने हात धुतले, सदरा घातला आणि मला म्हणाला, "चल. खंय सांगूचा आसा थय सांग. मी तुझ्या वांगडा येतंय."

मी त्याच दुपारी प्राचार्यांना सांगितलं आणि लिहून दिलं. बाप दाराशी उभा होता. चौकशी पुन्हा बसायला एप्रिल उजाडला. या वेळी मी जे झालं तसं सांगितलं, गाऱ्हाण्यातले शब्दही जसेच्या तसे. एका सदस्याने पेन खाली ठेवलं. मग नऊ नंबराला पुन्हा विचारलं, सरांनी सांगितलं होतं का.

"सरांनी देवाक सांगल्यानी," तो म्हणाला. "तेच्या आदी आमका शिकवल्यानी. पण पाय मियाच घातलंय. तो उतरता हा ता माका दिसत होता."

बाप दारातून म्हणाला, "गप रव रे!" पण तो गप्प राहिला नाही. "दिसत होता माका," तो पुन्हा म्हणाला.

मला संघापासून कायमचं दूर केलं. एक वेतनवाढ रोखली. ते योग्यच झालं, कमीच झालं. त्याची बंदी दोन वर्षांची एक वर्ष केली. त्याला पूर्ण माफी मिळेल असं मी धरलं होतं. पण तो तसं बोलल्यावर ती मिळणं शक्य नव्हतं, आणि हे त्याला बोलण्याआधी कळत असणार.

निकाल ऐकून आम्ही तिघे व्हरांड्यात आलो. बापाला माझ्याकडे बघायचं नव्हतं, तो पायऱ्यांवर जाऊन बसला. मुलगा माझ्याजवळ थांबला. जानेवारीपासून पहिल्यांदा तो माझ्याशी स्वतःहून बोलला.

"सात नंबर आता चालता काय?"

"काठी घेवन, तेंच्या कॉलेजच्या सरांनी सांगल्यानी. पायात लोखंडाची पट्टी घातली हा. खेळात की नाय ता म्हायत नाय." माझ्या तोंडून मालवणीच आली.

"तुमी बोललास तेच्याशी?"

"तीनदा फोन केलो. तेची आवस उचलता. मी कोण ता सांगलंय की ठेवता."

"नंबर द्या."

"ती तुझोय फोन ठेवतली."

"ठेवांदेत. परत करतलंय."

मी नंबर दिला. तो व्हरांड्याच्या पार टोकाला गेला, जिथून कोर्ट दिसतं, आणि फोन कानाला लावला. दोनदा त्याने तो खाली घेतला आणि पुन्हा लावला. बापाने पायरीवरून मान वळवली. तिसऱ्यांदा फोन उचलला गेला असावा, कारण त्याची पाठ ताठ झाली. तो काहीतरी एक वाक्य बोलला. मग बोलायचा थांबला आणि नुसतं ऐकत राहिला. पलीकडून कोण बोलत होतं, आई की सात नंबर, आम्हाला कळायला मार्ग नव्हता. किती तरी वेळ तो तसाच उभा होता. त्याने फोन ठेवला नाही.